हायरमने आणलेला निरोप

सौमित्राच्या मुंजीचा मुहूर्त मी घाईने धरला, आणि त्या घाईचे खरे कारण हायरम नावाचा एक तरुण होता.

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या वसंतातली. माझा मुलगा परीक्षित नोकरीनिमित्त यूटामध्ये स्थायिक झालेला. सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेस त्याचे घर. मी पाठशाळेतून निवृत्त होऊन त्याच्याकडे राहण्यास आलो, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. नातू सौमित्र एकोणीस वर्षांचा, विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात. तेथील फुटबॉल हा पायाने फार थोडा आणि अंगाने फार खेळला जाणारा खेळ. त्यात उंच उभारलेल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडणारा एक गडी असतो, त्याला किकर म्हणतात. त्या एका जागेसाठी सौमित्र दोन वर्षे झटत होता, आणि यंदा ती त्याला मिळणार, असे सारे म्हणत होते.

तेवढ्यात हायरम परतला.

त्या प्रदेशातील चर्चचा एक नियम आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षे धर्मप्रचाराला जावयाचे. चर्च पाठवील त्या देशात, सोबत दिलेल्या जोडीदारासह, दारोदार हिंडावयाचे. घरी फोन वर्षातून दोनदा. खेळ नाही, चेंडू नाही. आणि त्या दोन वर्षांची गणती खेळाच्या वर्षांत होत नाही, त्यामुळे परतलेला मुलगा आपली जागा पुन्हा मागू शकतो.

"आबा, आमच्या टीममध्ये असे सतरा जण आहेत," सौमित्र म्हणाला.

"बाप्ये आहेत सगळे! बाकीच्या टीम्स रडतात, आमच्या पोरांना बावीस-तेवीस वर्षांचे दांडगे अंगावर घ्यावे लागतात म्हणून," परीक्षित हसला.

हायरम मात्र दांडगा नव्हता. फिलिपाइन्समध्ये दोन वर्षे चालून चालून तो वेतासारखा झाला होता. जाण्यापूर्वी तोच किकर होता. आता त्याचा चेंडू खांबांपर्यंत पोहोचता पोहोचता खाली बसे. तो आठवड्यातून तीनदा आमच्याकडे येई, आणि घरामागच्या मैदानावर सौमित्र त्याला पुन्हा पाय टाकावयास शिकवी. ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याकडूनच शिकवणी! मला हे चमत्कारिक वाटले. सरावानंतर तो स्वयंपाकघरात तासभर बसे. चहा त्याला धर्माने वर्ज्य, म्हणून नुसते पाणी घेई. ज्याला घरचा चहासुद्धा नको, तो तासभर कशासाठी बसतो?

एकदा मी जिन्यावर थबकलो. हायरम विचारत होता, "सौमित्र, तू प्रार्थना करतोस का? कुणी ऐकतंय असं वाटतं तुला?" आणि आमचा नातू, ज्याने आयुष्यात कधी संध्या केली नाही, तो म्हणाला, "कधीकधी."

त्या क्षणी सारा डाव मला उलगडला. हा सौमित्राला आपल्या धर्मात ओढणार. ओढला की तोही दोन वर्षे परदेशी जाणार. मग किकरची जागा कुणाची?

परीक्षितला सांगितले, तर तो पोट धरून हसला. "आबा, तुम्ही तर चाणक्याच्या वर निघालात!"

सूनबाई, वल्लरी, हसली नाही. "हसू नकोस रे. फार गोड बोलतो तो मुलगा. एवढं गोड कुणी फुकट बोलत नाही."

मला तेवढा आधार पुरला. सोळावे वर्ष उलटून गेले, तरी सौमित्राची मुंज भारतात करू, पुढच्या वर्षी करू, अशी लांबत आली होती. मी पंचांग काढले. प्रायश्चित्तपूर्वक मौंजी होऊ शकते. आचार्य मीच होईन. परीक्षितला शनिवार हवा होता.

"आबा, इथे सगळे मुहूर्त शनिवारीच असतात. सत्यनारायणसुद्धा वीकेंड बघून येतो."

"शनिवार मौंजीस वर्ज्य आहे," मी म्हणालो. "शुक्रवार, सकाळी नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटे."

सौमित्राची अडचण नव्हती. किकरच्या निवडीची कसोटी शनिवारी होती. त्याने गुरुवारच्या सरावातून रजा घेतली. बुधवारपासून त्याला मी व्रतस्थ ठेवले: एकभुक्त राहणे, जप, आणि मोबाइल माझ्या कपाटात.

गुरुवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. सौमित्र स्नान करीत होता. दारात हायरम उभा होता, पांढरा सदरा घामाने भिजलेला.

"सर, सौमित्रचा फोन बंद आहे. कृपा करून त्याला सांगा, शनिवारी बर्फ पडणार आहे. कोचने कसोटी उद्या सकाळी साडेआठला ठेवली आहे."

"उद्या?"

"हो सर. उद्या त्याचा समारंभ आहे, मला ठाऊक आहे. पण कोचशी तो बोलला, तर काही मार्ग निघेल. जो येणार नाही, त्याचा विचार होणार नाही."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिले. ते स्वच्छ होते, आणि नेमके त्यामुळेच मला ते पाठ केलेले वाटले. दोन वर्षे अनोळखी दारांत उभे राहून ज्याने लोकांचा आपल्यावर विश्वास बसविण्याचा अभ्यास केला, त्याचे डोळे आणखी कसे असणार? मुंज मोडावयाची, मुलगा आचारापासून तोडावयाचा, ही त्याची शेवटची खेळी, असे मी मनाशी ठरविले.

"सांगतो," मी म्हणालो, आणि दार लावले.

एक फोन केला असता, तर खरे-खोटे कळले असते. मी केला नाही. सौमित्र न्हाऊन आला, "कोण होतं, आबा?" म्हणाला. "कुणी प्रचारक," मी उत्तर दिले.

शुक्रवारी गॅरेजचे दार उघडे ठेवून होम पेटविला. सौमित्राचे मस्तक मुंडन केलेले, कमरेला मेखला, हातात दंड. अशा वेषात तो फार लहान दिसत होता. मुहूर्ताला दहा मिनिटे उरली असताना घरातला फोन वाजला. वल्लरीने तो आणून स्पीकरवर लावला. कोच होता.

"मुला, तू कुठे आहेस? कसोटी संपली."

"कसोटी उद्या आहे ना, कोच?"

"आज होती. हायरमबरोबर निरोप पाठवला होता. तो म्हणतो, दिला."

"मला कुणीच सांगितलं नाही."

"मला वाटलंच. कुणाकडे दिला विचारलं, तर मुकाट उभा राहिला. मिशनवरून आलेला मुलगा असं करील, असं वाटलं नव्हतं. दहापैकी सात मारले त्याने, पण असला माणूस मला संघात नको. सोमवारी ये. जागा तुझी."

फोन बंद झाला, आणि गॅरेजमध्ये एकच गलका उसळला. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" वल्लरीने नवऱ्याला सुनावले. परीक्षित माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "आबा, मानलं तुम्हाला! तुम्ही बरोबर ओळखलं होतंत त्याला."

हायरमने माझे नाव घेतले नव्हते. वृद्ध माणसाला उघडे पाडण्यापेक्षा त्याने स्वतःवर आळ घेतला असावा. किंवा त्याचेही काही गणित असेल! इतके झाले तरी माझे मन ती वाट शोधीतच होते.

मुहूर्त आला. गायत्रीचा उपदेश करताना आचार्य आणि बटू यांच्यावर वस्त्र पांघरतात, म्हणजे मंत्र तिसऱ्या कानी पडत नाही. परीक्षितने आमच्यावर शाल टाकली. त्या अंधारात सौमित्राचा कान माझ्या ओठांशी आला. मी गप्प राहिलो असतो, तर जागा त्याचीच होती. ओठ उघडले, मंत्र येईना.

"काल दारात हायरम आला होता," मी कुजबुजलो. "निरोप त्याने मला दिला. मी तुला सांगितला नाही."

"का, आबा?"

"मला वाटले, तो खोटे बोलतो आहे."

शाल बाजूला करून तो उठला. "अरे, मध्येच काय?" परीक्षित ओरडला. सौमित्राने फोन उचलला आणि अंगणात गेला. त्याचे बोलणे आम्हा सर्वांना ऐकू येत होते. "कोच, हायरमने मेसेज दिला होता. आमच्या घरी. आमच्याकडून राहिला." पलीकडचे ऐकून घेऊन तो म्हणाला, "हो, कळलं. दहापैकी सात. फेअर आहे."

तो परत आला. वल्लरीने त्याचा हात धरला. "काय म्हणाले?"

"जागा हायरमची. मी बॅकअप." माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "मुहूर्त किती उरलाय?"

"चार मिनिटे."

तो माझ्यासमोर बसला. शाल त्याने स्वतःच ओढून घेतली. मी मंत्र सांगितला, प्रथम पाद पाद, मग अर्धा अर्धा, मग सबंध. त्याने प्रत्येक अक्षर स्पष्ट म्हटले. नंतर त्याच अंधारात, अगदी सभ्य स्वरात, त्याने विचारले, "आबा, एवढाच आहे ना? काही राखून ठेवलं नाही ना?"