डावीकडे गेलेल्या गोळ्या

“केर्तू, तुझ्या बाबाची नजर गेलीय. काल पुलावर समोरासमोर आलो, तर सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही त्यानं. लेकराला त्याच्या गाडीत घालू नकोस.”

हेल्वीआत्याचं हे बोलणं केर्तूने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता नेमबाजीच्या मैदानावर दुर्बिणीला डोळा लावताना तिला ते आठवलं. लांबवरच्या कागदावरचं काळं वर्तुळ कोरं होतं. बाबा मात्र शांतपणे गोळ्या झाडत होते.

सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू होणार होती. तिच्या छोट्या इल्मोला पाळणाघरात रोज बाबाच सोडणार होते. सरोवराच्या कडेने जाणारा, वळणावळणांचा रस्ता.

“ताइस्तो,” मागच्या बांधावर उडणारी माती बघून शेजारच्या चटईवरून बाबांचा मित्र वेइक्को ओरडला, “डावीकडे शेजारचा देश आहे, स्वीडन! युद्ध पुकारलंस की काय?”

“तू आपलं बघ,” बाबा म्हणाले. “ तुझ्या गोळ्या अजून नळीतच झोपल्यात.”

बाबांनी शेवटची गोळी झाडली आणि खांदा चोळला. ही रायफल फौजेने कधीच मोडीत काढलेली, बाबांहूनही वयाने मोठी. दस्त्यावर कुणा अनोळखी सैनिकाने कोरलेली रेघोटी होती. “अजून लाथ मारते बया,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पोरासारखा उजळला. केर्तूला त्या चेहऱ्याकडे बघवेना. गाडीची किल्ली कशी मागायची, याची वाक्यं ती मनात जुळवत होती.

सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून ठेवल्यावर ती बाबा आणि वेइक्कोसोबत कागदाकडे निघाली. बर्फ वितळून झालेल्या चिखलात बूट रुतत होते.

कागदाच्या डाव्या कडेला, पांढऱ्या भागात, दुर्बिणीतून न दिसलेली भोकं होती. सगळीच्या सगळी. एकमेकांना इतकी खेटून, की वेइक्कोने त्यांवर आपला कॉफीचा पेला उपडा धरला तेव्हा एकही बाहेर उरलं नाही.

“माशी सरकलीय,” वेइक्को म्हणाला. “नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट गं. याला दिसत नसतं ना, तर गोळ्या रानभर पांगल्या असत्या. या वयात मला एवढं जमलं तर गावजेवण घालीन.”

“घाल,” बाबा म्हणाले. “थंडीत साफ करताना स्क्रू ढिला राहिला वाटतं.”

परत येऊन त्यांनी स्क्रू फिरवला, माशी सारखी केली, पुन्हा आडवे झाले. पुढची गोळी काळ्यात बसली. केर्तूने डब्यातल्या सॉसेजचा मोठा तुकडा तोंडात टाकला. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

“आत्याचं काय ऐकत बसले मी!” ती हसत म्हणाली. “म्हणे पुलावर तुम्ही तिला ओळखलं नाही.”

“मी?” बाबांनी कानांवरची टोपणं काढली. “अगं, तीच गाडी घेऊन माझ्या अंगावर आली. माझी गाडी पार कठड्याला लावली मी, हातसुद्धा केला. सरळ माझ्याकडे बघत निघून गेली. म्हटलं, रुसली असेल.”

केर्तूचं हसू तसंच राहिलं. आज शनिवार. आत्या बाजाराला गाडी काढते.

तिने आत्याच्या शेजारणीला, आइलाला, फोन लावला.

“आइला, एक काम कर ना. हेल्वीआत्या घरात आहे का, जरा बघून ये. निघाली असली तर गाडीत बसू देऊ नकोस, कॉफीला बसवून घे, काहीही सांग. मी येतेच.”