चार नंबरची रीड

गिऱ्हाईक दारातून आत आलं की मी आधी त्याचे ओठ बघते. बूट नंतर. कार्डिफमधल्या माझ्या दुकानात क्लॅरिनेटचे माउथपीस आणि त्यावर बांधायची रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पाती, माणसागणिक जुळवून देते, दुसरं काय बघणार?

रघुवीरकाकांचे ओठ मला पाठ होते. हॉस्पिटलातून रिटायर झालेले, शहरातल्या हौशी बँडमध्ये पहिल्या खुर्चीवर, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यांत मुख्य. रीडचा नंबर म्हणजे इयत्ता, ही त्यांची पक्की समजूत. नंबर फक्त त्या पातीचा कडकपणा सांगतो, हे सांगून मी थकले. "दोन नंबर? बालवाडीत का?" असं माझ्या गिऱ्हाइकांना ऐकवायचे. स्वतः कायम चार नंबरवर.

मार्चमध्ये त्यांचा चेहरा उजवीकडून लुळा पडला. बराचसा सुधारला, पण ओठाचा कोपरा राहिला. तिथून हवा निसटते. बँडने सांगितलं, शुक्रवारी येऊन वाजवा, मग खुर्चीचं ठरवू. म्हणून काका आले होते, मधुमतीकाकूंना घेऊन.

काकूंना मी भिंतीकडे तोंड करून बसवलं. ऐकणाऱ्याने बघायचं नाही, हा माझा नियम. नाहीतर कानांऐवजी डोळेच निवड करतात आणि ते नेमका महागडा माउथपीस निवडतात.

"शिक्षाच केलीस की गं," काकू हसल्या.

जुना माउथपीस, चार नंबरची रीड: नुसती फुसफुस. मग अरुंद फटीचा माउथपीस आणि अडीच नंबर. सूर लागला. बारीक, पण सरळ. माझ्या हिशेबी शुक्रवार निभावला असता.

"अहो, चेष्टा पुरे," काकू भिंतीलाच म्हणाल्या. "शेजारचं पोर वाजवतंय हे. तुमचं वाजवा ना."

काकांनी मान खाली घातली. जुना माउथपीस परत चढवला आणि क्लॅरिनेट माझ्यापुढे धरली. मी मानेनेच नको म्हटलं. त्यांचा हात पुढेच राहिला. शेवटी मी माउथपीस पुसला, चार नंबरची कोरी रीड बांधली आणि त्यांचीच एक नेहमीची संथ चाल वाजवली.

"हं! हे तुम्ही," काकू म्हणाल्या. "उगाच इतके दिवस तोंड पाडून बसलात."

त्या वळल्या तेव्हा क्लॅरिनेट काकांच्या हातात होती आणि गाल ओले.

"बघ बाई, आनंदाने रडतायत," मला म्हणाल्या, आणि गाडी आणायला गेल्या.

"चार नंबरचा डबा दे," काका म्हणाले.

"आणि शुक्रवार?"

"बँडला तू कळव. खुर्ची दुसऱ्याला द्या म्हणावं."

"काका, अडीचवर छान जमतंय हो."

"ऐकलंस ना ती काय म्हणाली?"

मी न विचारता तो माउथपीस आणि अडीच नंबरचा डबा पिशवीत सरकवला. त्यांनी दोन्ही बाहेर काढून काउंटरवर ठेवले. चार नंबरचा डबा तेवढा कोटाच्या खिशात घातला.

बाहेर काकूंनी हॉर्न दिला.