केबलच्या वाटेतली बोट

“बोट सापडली, बाई,” येप्पे स्वयंपाकघराच्या दारात उभा राहूनच म्हणाला.

आस्टा बटाटे सोलत होती. समुद्रात दूरवर नव्या पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. त्यांची वीज थीबोरनच्या किनाऱ्यावर आणायची म्हणून येप्पेचं जहाज केबलच्या वाटेवरचा तळ तपासत होतं. तिथे त्यांना ‘मारेन’ दिसली. आस्टाचा नवरा कार्स्टेन आणि त्याचा सोबती आयनर यांना घेऊन ती तीस वर्षांपूर्वी वादळात बुडाली होती.

“कुठे?”

“बंदराच्या अगदी जवळ. तोंड किनाऱ्याकडे. जाळी आत ओढलेली दिसतायत.”

आस्टाच्या हातातली सुरी थांबली. वादळाची सूचना मिळूनही कार्स्टेन हावेपायी आणखी खोल गेला, असं गावाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आयनरच्या बायकोने, गेर्डाने, तर आस्टाशी बोलणंच टाकलं. मासळीच्या कारखान्यात दोघी वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहून काटे काढत, तेही तोंडं फिरवून.

“बोट बाहेर काढायची, की केबल वळवून घ्यायची?” येप्पेने विचारलं. “दोन्ही घरांचं म्हणणं हवंय.”

“गेर्डाला मी विचारते.”

गेर्डाने दार अर्धंच उघडलं. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

“काय गं, पवनचक्कीवाल्यांनी निर्दोष सोडलं वाटतं तुझ्या नवऱ्याला?”

“ते परत येत होते, गेर्डा. एवढंच सांगायला आलेय.”

“किती जवळ होते?”

“पाऊस नसता तर धक्क्यावरून दिसले असते.”

गेर्डा दाराची कडी धरून उभी राहिली. “मी होते की त्या दिवशी धक्क्यावर,” ती म्हणाली. “तूही होतीस.”

“हो. तू म्हणत असशील तर काढायला सांगू बोट.”

“आता काय हाती लागायचंय त्यातून? घराजवळ आलेत, राहू देत तिथेच.” तिने दार पूर्ण उघडलं. “ये आत. आणि पाय पूस.”

उन्हाळ्यात केबल टाकणारं जहाज आलं. दोघी धक्क्यावर गेल्या. सरळ येणारं जहाज एका जागी बाजूला वळलं आणि मोठा वळसा घालून पुन्हा किनाऱ्याच्या वाटेला लागलं.

गळ टाकून बसलेला एक म्हातारा हसला. “कप्तान वाट चुकला वाटतं!”

“नाही चुकला,” गेर्डा म्हणाली, आणि मान राखायला टोपी काढावी तसा डोक्याचा रुमाल सोडून तिने हातात घेतला.