जड हाताची डॉक्टर

खालची दाढ ठणकत असताना सासऱ्यांनी चार दिवस तोंडातून ब्र काढला नाही. पाचव्या दिवशी गाल धरून मुकाट्याने सुनेच्या खुर्चीत येऊन बसले. सून दातांची डॉक्टर. सासरे पोहण्याचे मास्तर, सत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी तलावावर पोरांना दमात घेणारे.

तिने नाडी पाहिली. फारच संथ लागत होती.

“बाबा, कसली गोळी चालू आहे?”

“कसलीच नाही.”

“खरं सांगा. कोणती सुई द्यायची ते त्यावर ठरतं.”

मदतनीस बाई बाहेर जाईपर्यंत ते थांबले. मग खिशातून गोळ्या काढल्या. छातीत धडधड व्हायची म्हणून आठ महिन्यांपूर्वी परस्पर डॉक्टर गाठला होता.

“तुझ्या नवऱ्याला कळलं तर माझा तलाव बंद. कुणाला बोलू नकोस.”

“पेशंटचं मी कुणालाच सांगत नाही.”

भुलीच्या नेहमीच्या औषधात अ‍ॅड्रिनलिन असतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, औषध जागेवर टिकतं आणि तासभर काही कळत नाही. पण या गोळीवर ते दिलं तर रक्तदाब एकदम चढण्याची भीती. तिने त्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि अ‍ॅड्रिनलिन नसलेलं औषध घेतलं. ते लवकर उतरतं, दुखऱ्या जागी नीट चढतही नाही. हे तिने त्यांना आधीच सांगितलं.

“काढ तू,” ते म्हणाले.

दाढेची मुळं वाकडी निघाली. काम अर्ध्यावर असतानाच भूल उतरू लागली. तिने दुसरी सुई दिली, मग तिसरी. त्यांचं वय आणि वजन पाहता आणखी देणं धोक्याचं होतं. शेवटची पाच मिनिटं ते खुर्चीचे हात आवळून कण्हत राहिले. बाहेर बसलेल्या नणंदेने सगळं ऐकलं.

“जीव जायचा राहिला गं बाबांचा,” संध्याकाळी घरी ती म्हणाली. “वहिनी, घरचा पेशंट म्हणून स्वस्तातलं औषध वापरलंस की काय?”

“बाबा, खरंच इतकं दुखलं?” नवऱ्याने विचारलं.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा एक शब्द पुरला असता.

“हात जड आहे तिचा,” असं म्हणून त्यांनी दुधाचा पेला तोंडाला लावला.

नणंदेने हे तलावावर येणाऱ्या पोरांच्या आयांना सांगितलं. त्यांच्यातल्या दोघींनी मुलांच्या अपॉइंटमेंट रद्द केल्या.

तीन महिन्यांनी वरची दाढ दुखायला लागली. या वेळी नणंदेने त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. बधिर गाल चाचपत, हसत परत आले. “सुई दिलेलीसुद्धा कळली नाही! याला म्हणतात हात.”

तिने त्यांना गॅलरीत गाठलं. “गोळीचं सांगितलंत तिथे?”

“विचारलं त्याने. नाही म्हणालो. झालं का मला काही?”

काहीच झालं नव्हतं. बहुतेकांना होत नाही, हे तिला ठाऊक होतं. जरा घेरी तरी यायला हवी होती, असं क्षणभर मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

“घरात बोलली नाहीस ना?”

“नाही.”

“शहाणी आहेस.”

अकरा वर्षांच्या संसारात त्यांनी तिला दिलेली ही पहिली शाबासकी. आतून नवरा फोनवर बोलत होता. स्वतःच्या आईची कवळी बसवायला त्याच डॉक्टरची वेळ मागत होता.