रसाबरोबरची गोळी

घड्याळजीला शिंक आली की दुकानात शोधमोहीम निघायची. केसाएवढा स्क्रू साध्या फुंकरीने उडतो, आणि याची शिंक म्हणजे तोफच. मग स्वारी हातात चिमटा घेऊन फरशीवर रांगायची. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीने शिंका थांबत, पण भिंग डोळ्याला लावलं की डुलकी लागे. एकदा तो गिऱ्हाइकासमोर चक्क घोरला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक.

शिंकांचं कारण घरातच होतं. ठमी, त्याच्या लेकीची मांजर. लेक होती तोवर ठमी तिच्याच खोलीत, तिच्या पायाशी असायची. लेक आजारपणात गेली आणि ठमी थेट घड्याळजीच्या उशीवर आली. तिला हाकलायची त्याची छाती झाली नाही. बोलायला त्राण उरलं नव्हतं तेव्हाही पोरगी म्हणाली होती, "बाबा, ठमीला कुणाला देऊ नका."

बायकोचंही तसंच. आजारपणात पोरीच्या पोटात संत्र्याच्या रसाखेरीज काही ठरत नसे, म्हणून ती रोज सकाळी रस काढायची. पोरगी गेली तरी तिचा हात थांबला नाही. भरलेला ग्लास टेबलावर ठेवून ती त्याच्याकडे बघत बसे. ते बघवेना, म्हणून घड्याळजी तो पिऊ लागला. गोळीही त्याच्याबरोबरच घ्यायचा.

गोळी काही लागू पडेना. शिंकांनी नाकी नऊ आणले, पुढे छातीतून शिट्टी वाजू लागली.

"गोळी वेळेवर घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न चुकता."

कशाबरोबर, ते कुणी विचारलं नाही.

"मग मांजर दुसरीकडे ठेवावी लागेल," त्या म्हणाल्या.

मोठ्या रस्त्यापलीकडच्या शिंप्याने हौसेने ठमीला नेलं. आठवड्याच्या आतच तो मान खाली घालून दारात उभा राहिला. ठमी खिडकीतून निसटली होती आणि रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडली होती.

"तोंड तुमच्या घराकडेच होतं हो," तो म्हणाला. हे त्याने सांगायला नको होतं.

मांजर गेली तरी तिचे केस गाद्या-पडद्यांत होतेच, शिंकाही होत्या. गोळ्या संपल्या तसा घड्याळजी पुन्हा मेडिकलमध्ये गेला. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट पुढे केलं.

"काका, पाण्याबरोबरच घेता ना? ही गोळी फळांच्या रसाबरोबर घेतली तर लागू पडत नाही. बरेच जण तिथेच फसतात."

घड्याळजी पाकीट हातात धरून तसाच उभा राहिला. मागच्या माणसाने "सरका ना हो" म्हटलं, तेव्हा कुठे तो हलला. घरी जाईपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे तो रस्ताच होता. पोरीने एकच गोष्ट मागितली होती आणि तेवढीही त्याला राखता आली नव्हती.

बायकोला त्याने अवाक्षर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो घरी नुसता रस पिई आणि गोळी दुकानात, दुपारी, पाण्याबरोबर घेई. थोड्याच दिवसांत शिंका थांबल्या. छातीही मोकळी झाली.

एका सकाळी बायको त्याच्यासमोर बसली. पोरगी गेल्यापासून ती पहिल्यांदाच आपणहून बोलायला बसली होती.

"अहो, मला फार वाटायचं, आपण पोरीचा शब्द मोडला. पण बघा ना, ठमी गेली आणि तुमच्या शिंका गेल्या. म्हणजे आपला इलाजच नव्हता. हो ना?"



"हो गं," तो म्हणाला. "इलाजच नव्हता."

तिने डोळे पुसले आणि ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "घ्या. आणि गोळी विसरू नका."

त्याने तिच्यादेखत गोळी पाकिटातून काढली, तोंडात टाकल्यासारखं करून मुठीत लपवली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रस प्यायला.