प्रियाला दिसलेली बोटं

शाल्मली झाशीत प्रेमनगरातल्या घरी कर्णबधिर मुलांना शिकवायची. तिच्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे खुणांची भाषा तिला मराठीइतकीच सहज येत होती. तिच्या मुलांमधली सर्वांत चुणचुणीत प्रिया वडिलांच्या बदलीमुळे ललितपूरला गेली आणि तिची शिकवणी लॅपटॉपवर सुरू झाली.

पण प्रियाचं लक्षच लागेना. ती म्हणते, दीदीची बोटं विरघळतात, असं तिच्या आईने फोनवर कळवलं. शाल्मलीने स्वतःचं चित्रण करून पाहिलं. खरंच, हात जरा भरभर हलला की पंजाऐवजी नुसता धुरकट पट्टा दिसत होता.

तिचे सासरे गजाननराव कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. खुणा जरा सावकाश कर, असं त्यांनी सुचवलं.

"सावकाश केलं की ते बोलणं राहत नाही, बाबा," शाल्मली म्हणाली. "तुम्हाला कोणी एकेक अक्षर तोडून गोष्ट सांगितली, तर ऐकाल का?"

मग तिने त्यांचा हँडीकॅम मागितला. झाशीतल्या मराठी घरांमधल्या कितीतरी मुंजी त्यांनी त्यावर टिपल्या होत्या. तो लॅपटॉपला जोडला तर वेबकॅमचं काम करेल, असं तिने वाचलं होतं. गजाननरावांना फारसा भरवसा नव्हता, तरी सीपरी बाजारातून वायर आणि हँडीकॅमचं चित्र लॅपटॉपमध्ये उतरवणारं कॅप्चर कार्ड त्यांनीच आणून दिलं.

चित्र स्वच्छ आलं, पण पडद्यावर शाल्मलीच्या कपाळावरच बॅटरीची खूण आणि वेळ दिसत होती. शिवाय चित्रण चालू नसल्यामुळे हँडीकॅम मध्येच आपोआप बंद पडायचा. गजाननराव म्हणाले, जाऊ दे बेटा, याचं काम वेगळं आहे. शाल्मली मात्र माहितीपुस्तिका घेऊन बसली. पडद्यावरच्या खुणा घालवल्या, हँडीकॅम थेट विजेवर लावला, आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकली. हात धुरकट दिसू नयेत म्हणून शटरचा वेग वाढवला, तर चित्र काळवंडलं. तेव्हा उजेडासाठी तिने टेबल खिडकीसमोर ओढलं आणि हात उठून दिसावेत म्हणून मागे गडद निळी चादर टांगली.

गजाननराव बघत राहिले. नोकरीत त्यांनी 'चलता है' म्हणून सोडून दिलेली कामं खूप पाहिली होती. एका मुलीला बोटं नीट दिसावीत म्हणून कोणी इतकं झटताना पाहिलं नव्हतं. पुढच्या शिकवणीला ते आपणहून हँडीकॅममागे उभे राहिले.

शाल्मलीने खुणांनी पहिलं वाक्य केलं, तशी प्रिया पडद्याजवळ सरकली. मग प्रियाचेच हात सुटले आणि ती घरची गंमत सांगू लागली. शेजाऱ्यांचं वासरू जिना चढून गच्चीवर गेलं, ते काही केल्या उतरेना, शेवटी चौघांनी उचलून खाली आणलं. आईच्या मोबाइलवरून तिचेही हात अधूनमधून पुसट होत होते. शाल्मली पुन्हा विचारायची आणि प्रिया खुशीत पुन्हा सांगायची.

शाल्मलीची नजर मध्येच वर जाते हे पाहून प्रियाने विचारलं, कॅमेऱ्यामागे कोण आहे? गजाननराव पुढे आले. प्रियाने त्यांना नीट न्याहाळलं आणि दोन बोटं आपल्या भुवयांवरून फिरवली.

"हे तुमचं नाव, बाबा," शाल्मली म्हणाली. "या भाषेतलं नाव आपलं आपण ठेवायचं नसतं. ऐकू न येणाऱ्यांपैकीच कोणीतरी द्यावं लागतं."

गजाननरावांनी आपल्या जाड भुवयांवरून बोटं फिरवून पाहिली. प्रियाने नकारार्थी मान हलवली. अंगठा आत घ्यायचा, असं तिने करून दाखवलं. त्यांनी अंगठा आत घेतला आणि पुन्हा केलं.