आधी बटण दाबा

आमच्याकडे शाळांचे कॉम्प्युटर येतात ते टेम्पोने, एकमेकांच्या उरावर बसून. वायरींचा गुंता, कीबोर्डच्या फटीत खोडरबरचा भुगा, माऊसच्या पोटाला चिकटवलेलं च्युइंगगम. संस्थांचे येतात ते जरा सभ्य असतात, त्यांच्यावर नुसती धूळ असते. पण एका शाळेचे सर मात्र एका वेळी एकच कॉम्प्युटर आणायचे. तोही चादरीत गुंडाळून, तान्हं बाळ डॉक्टरकडे आणावं तसा. मी त्यांचं नाव एकेक सर ठेवलं होतं.

जुनी यंत्रं मोडायचा हा कारखाना माझ्या दादाने काढला. दादा गेला आणि तो वहिनीने चालवायला घेतला. मी तिची नणंद, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. कारखाना खाली, घर वर, आणि दोन्हीकडे आम्ही दोघीच. कॉम्प्युटर आला की मी स्क्रू काढते, आतली डिस्क उपसते आणि ड्रिलखाली धरून तिची चाळण करते. त्या ड्रिलला आम्ही सुतारपक्षी म्हणतो. उरलेल्या धडाची तांबं, पत्रा, प्लास्टिक अशी वाटणी नंतर सावकाश होते. डिस्क मात्र आधी. तिच्यावर मुलांचे मार्क असतात, पत्ते असतात, संस्थांना कोण मदत करतं ते असतं. ते बाहेर फुटलं तर आमचं दुकान बंद, आणि व्हायलाच हवं.

म्हणून वहिनीचा नियम एकच: आत बघायचं नाही. आलेला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करायचा नाही. मी एकदा गंमत म्हणून एकाची वायर भिंतीत खुपसायला गेले, तर तिने असं बघितलं की मी कानाला खडा लावला.

एकेक सर आले की वहिनी त्यांना नष्ट केल्याचा दाखला लिहून देई. सर तो दोन्ही हातांनी घेत, उगाच घुटमळत, तांब्याच्या भावाची चौकशी करत, वहिनीकडे बघत आणि जात. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी काही दुधखुळी नाही. वहिनी मात्र हिशेबाला एवढी हुशार, पण या बाबतीत ठार आंधळी. ती म्हणे, सर फार जबाबदार माणूस आहेत, एकेक कॉम्प्युटर स्वतः आणतात.

त्या दिवशी सर आले तेव्हा वहिनी वर फोनवर बोलत होती. चादर सोडता सोडता सरांनी हळूच सांगितलं, की हा शेवटचा. शाळेत सगळे नवे आले, आता इकडे यायला काही कारण उरणार नाही. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "ताई, मॅडम काही बोलल्या का?"

कशाबद्दल, मी म्हटलं.

"म्हणजे... सुरू केल्यावर पडद्यावर जे दिसतं, त्याबद्दल."

मी सांगितलं की आम्ही कुठलाच कॉम्प्युटर सुरू करत नाही. आला की पहिली डिस्क बाहेर, आणि डिस्कला भोकं. सर मटकन खोक्यावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला आधी हसू फुटलं. या गृहस्थांनी आणलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पडद्यावर, सुरू केल्याबरोबर दिसेल असं, मोठ्या अक्षरांत वहिनीला लग्नाचं विचारलं होतं. तोंडाने विचारायला गेलं की त्यांची ततपप व्हायची, म्हणून ही युक्ती. आणि उत्तर येत नाही, पण हाकलूनही देत नाहीत, म्हणून पुढचा आणायचे. आयुष्यभर मुलांना शिकवलं, कॉम्प्युटर म्हटला की आधी बटण दाबा. कोणी बटण न दाबताच कॉम्प्युटर उघडत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"जाऊ दे," सर म्हणाले. "यालाही भोकं पाडा. आणि मॅडमना सांगू नका."

माझं हसू तिथेच थांबलं. वहिनी हो म्हणाली तर? वरच्या दोन खोल्यांत मी एकटी काय करू, स्क्रूड्रायव्हरशी गप्पा मारू? दादा गेल्यापासून मला वेळेवर जेवायला घालणारी, माझ्यावर खेकसणारी, ताप आला की उशाशी बसणारी ती एकच. आणि मला काही वाईट करायचंच नव्हतं. नेहमीचं काम करायचं होतं, बस. स्क्रू काढायचे, डिस्क उपसायची, सुतारपक्षी सुरू करायचा. अळीमिळी गुपचिळी. मी डिस्क उपसलीसुद्धा.

सुतारपक्षी घरघरू लागला आणि जिन्यावर वहिनीच्या चपला वाजल्या. कधी नव्हे ते ती गुणगुणत होती. शेवटच्या पायरीवर तिने सरांना बघितलं, गुणगुणणं थांबवलं आणि विस्कटलेले केस कानामागे सारले. त्या केस सारण्याने माझा घात केला. म्हणजे ही अगदीच आंधळी नव्हती. माझा हात काही पुढे जाईना.

"थांबलीस का?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, ही डिस्क तू बघ."

"आपण बघत नाही." तिचा आवाज लगेच कडक झाला. "दुसऱ्याची माहिती आहे ती."

"दुसऱ्याची नाही. तुझी आहे."

वहिनीने आधी माझ्याकडे आणि मग सरांकडे असं बघितलं, जणू शाळेने तिचं घरच फोडलं होतं. तिची माहिती शाळेच्या कॉम्प्युटरवर कशी गेली, कोणी घातली, आणखी कोणी कोणी बघितली, असं तिने सरांना उभं-आडवं विचारलं. सरांची बोबडी वळली. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, की घातली मी, आणि बघितली कोणीच नाही, तेच तर दुखणं आहे.

वहिनीने माझ्या हातातून डिस्क घेतली, सुतारपक्ष्याखाली धरली आणि शांतपणे आरपार भोकं पाडली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"शाळेच्या मशीनवर खाजगी मजकूर ठेवायचा नसतो," ती म्हणाली. "आता गेला तो. काय होतं ते तोंडाने सांगा."

सरांनी सांगितलं. अडखळत, सुतारपक्ष्याच्या घरघरीवर आवाज चढवून सांगितलं. तो बंद करायचं कोणाला सुचलंच नाही. वहिनी टेबलावरचे स्क्रू उगाच एका रांगेत लावत राहिली. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. वरच्या दोन रिकाम्या खोल्या डोळ्यांसमोर आल्या, तरी मनापासून वाटलं, हो म्हण बाई.

"माझी एक अडचण आहे," ती अखेर म्हणाली. "वर आम्ही दोघी राहतो. हिला टाकून मी कुठेही यायची नाही."

सर पहिल्यांदाच न अडखळता बोलले. "ते मी लिहिलं होतं. प्रत्येकावर, पहिल्याच ओळीत. 'तुम्ही दोघी माझ्या घरी राहायला याल का?' लग्नाचं त्याच्या खाली होतं."

मी सुतारपक्ष्याचं बटण बंद केलं. कारखान्यात एकदम शांत झालं. कोपऱ्यातल्या खोक्यात सरांच्या आधीच्या सगळ्या डिस्का पडल्या होत्या, माझ्याच हातच्या चाळण्या.

वहिनीने त्या खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते, पण आत्ता ती चिडवत नव्हती.

"वन्सं, एकदा तरी बटण दाबायला हवं होतं का गं?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं, आणि माझे भरलेले डोळे तिला दिसू नयेत म्हणून सरांच्या चादरीच्या घड्या घालायला लागले.